प्रभारित पोकळ गोलाचे विद्युत क्षेत्र कसे काढावे

१० सेंमी त्रिज्येचे पातळ कवच घ्या. त्यावर २० नॅनोकुलोम प्रभार सगळीकडे सारखा पसरला आहे असे धरा. सूत्र लिहिण्याआधी बिंदूचे केंद्रापासूनचे अंतर पक्के करा. प्रश्नात ‘पृष्ठभागापासून १० सेंमी’ म्हटले असेल, तर अंतर २० सेंमी होते. गुण हमखास जातात ते इथे.

आता त्या बिंदूतून जाणारा, कवचाशी समकेंद्री असा काल्पनिक गोल काढा. कवच कसेही फिरवले तरी तसेच दिसते; हीच त्याची सममिती. म्हणून क्षेत्र त्रिज्येच्याच दिशेने असणार आणि या गोलावर सगळीकडे सारखे असणार. हे कारण उत्तरात लिहाच. त्याच्याच आधाराने गाऊसचा नियम सोपा होतो: क्षेत्र × ४ × पाय × अंतराचा वर्ग = आतला प्रभार ÷ एप्सिलॉन शून्य (निर्वाताचा विद्युत स्थिरांक).

बाहेरच्या बिंदूसाठी १ ÷ (४ × पाय × एप्सिलॉन शून्य), म्हणजेच कूलोम स्थिरांक, ९ × १०⁹ घ्या. नॅनो आणि १०⁹ एकमेकांना खोडतात, उरतात ९ × २० = १८०. त्याला मीटरमधल्या अंतराच्या वर्गाने भागा. २० सेंमीवर १८० ÷ ०.०४ = ४,५०० न्यूटन प्रति कुलोम; कवचाला अगदी लागून बाहेर १८,०००. सेंटीमीटर तसेच ठेवले तर उत्तर दहा हजार पटींनी चुकते.

आतल्या बिंदूच्या गोलात प्रभारच नाही, म्हणून फ्लक्स, म्हणजे गोलाच्या पृष्ठभागातून बाहेर पडणारे एकूण क्षेत्र (नियमाची डावी बाजू), शून्य. पण तेवढ्यावर थांबू नका. एखादा बिंदुप्रभार गोलाबाहेर ठेवला तरी त्या गोलातून एकूण फ्लक्स शून्यच असतो, क्षेत्र मात्र असते. क्षेत्र शून्य ठरते ते वरच्या सममितीमुळे. म्हणूनच प्लास्टिकच्या कवचाजवळ दुसरा प्रभार आणला, की आत त्याचे क्षेत्र पोहोचते. धातूच्या बंद कवचात पोहोचत नाही, कारण धातूवरचा प्रभार सरकून नव्याने पसरतो.

आलेख काढताना केंद्रापासून १० सेंमीपर्यंत रेषा शून्यावर ठेवा, तिथे एकदम १८,००० वर न्या आणि पुढे अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरवा. केंद्रातून तिरकी चढणारी रेषा आतपर्यंत सारखा प्रभार भरलेल्या गोलाची असते, कवचाची नव्हे.

आत विभवही (एकक प्रभारामागची विद्युत स्थितिज ऊर्जा) शून्य लिहू नका. क्षेत्र नाही म्हणजे विभव बदलत नाही, एवढेच. अनंत अंतरावर विभव शून्य धरले, तर पृष्ठभागावर तो १८० ÷ ०.१ = १,८०० व्होल्ट येतो, आणि आत केंद्रापर्यंत तेवढाच राहतो.