कॅनडाच्या राजकारणाच्या बातम्या वाचताना या चुका टाळा

घरातलं कुणी ब्रॅम्प्टनला शिकतंय, कुणी व्हँकूवरला स्थायिक झालंय, त्यामुळे कॅनडाच्या बातम्यांवर डोळा ठेवून असलेली घरं महाराष्ट्रात आता पुष्कळ आहेत. पण त्या बातम्यांचा अर्थ आपण दिल्लीच्या नाहीतर वॉशिंग्टनच्या अनुभवावरून लावतो आणि तिथेच चुकतो. कधी नुसता गैरसमज होतो, कधी मुलाच्या शिक्षणाचे लाखो रुपये अडकतात.

निर्णय कुणाच्या हातात आहे, हे न पाहणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. 22 जानेवारी 2024 ला तत्कालीन इमिग्रेशन मंत्री मार्क मिलर यांनी परदेशी विद्यार्थ्यांच्या स्टडी परमिटवर दोन वर्षांसाठी मर्यादा जाहीर केली. 2024 साठी सुमारे 3,60,000 परमिट, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा 35 टक्के कमी. आपल्याकडे याचा अर्थ ‘कॅनडाने दारं बंद केली’ एवढाच निघाला.

परमिट देणं ओटावाच्या, म्हणजे केंद्राच्या, हातात आहे. शिक्षण मात्र प्रांताचा विषय आहे. ऑन्टारिओ प्रांताने 2019 मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांची फी 10 टक्क्यांनी उतरवली आणि मग ती गोठवून ठेवली. अनुदान त्या प्रमाणात वाढवलं नाही. कॉलेजांनी ही तूट परदेशी मुलांच्या भरमसाट फीमधून भरून काढली. विद्यार्थी वाढत गेले, तेवढी घरं नव्हती, भाडी कडाडली आणि ओरड झाल्यावर ओटावाने आकडा आवळला. हा कोटा प्रांतांना लोकसंख्येच्या हिशेबाने वाटला गेला, पण कुठल्या कॉलेजला किती जागा द्यायच्या ते पुन्हा प्रांतानेच ठरवलं. ऑन्टारिओने 96 टक्के वाटा सरकारी विद्यापीठं आणि सरकारी कॉलेजांना दिला. खासगी कॉलेजांच्या वाट्याला जवळजवळ काहीच उरलं नाही.

फी भरून बसलेल्या मुलांना यातलं काहीच कुणी समजावून सांगितलं नव्हतं, याची मला मनापासून चीड येते. केंद्र प्रांताकडे बोट दाखवत होतं, प्रांत केंद्राकडे. सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम भाड्याने घेऊन शिकवणाऱ्या खासगी कॉलेजांत 2024 च्या मे महिन्याच्या मध्यानंतर प्रवेश घेतलेल्यांना शिक्षणानंतरचं वर्क परमिटही मिळेनासं झालं. म्हणून बातमी हाती आली की आधी पाहा: हे ओटावा बोलतंय की प्रांत? फी, कॉलेजची मान्यता, सरकारी दवाखान्यातली रांग हे प्रांताकडे. व्हिसा, परमिट, नागरिकत्व केंद्राकडे. आरोग्यसेवेवरून पंतप्रधानांना शिव्या घालणारी पोस्ट दिसली, की प्रांताचा प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, त्या बाबतीत काय करतोय तेही शोधा.

स्क्रीनशॉटला बातमी समजणं

जून 2023 मध्ये कॅनडाने ऑनलाइन न्यूज अॅक्ट मंजूर केला. मोठ्या टेक कंपन्यांनी वृत्तसंस्थांना पैसे द्यावेत, हा त्याचा हेतू. गूगलने वर्षाला 10 कोटी कॅनेडियन डॉलर द्यायचं कबूल केलं. फेसबुकची मालक कंपनी मेटाने पैसे द्यायला नकार दिला आणि 1 ऑगस्टपासून फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरून बातम्याच काढून टाकायला सुरुवात केली.

पंधराच दिवसांत नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये वणवा यलोनाइफच्या दिशेने सरकू लागला. 16 ऑगस्टच्या रात्री सुमारे 20,000 लोकांना शहर सोडण्याचा आदेश निघाला. कुठला रस्ता चालू आहे, पेट्रोल कुठे मिळतंय, ही माहिती लोकांना फेसबुकवरून एकमेकांना पाठवायची होती, पण बातमीची लिंक टाकता येत नव्हती. मग लोकांनी बातम्यांचे स्क्रीनशॉट काढून टाकले. जीव वाचवायची वेळ होती, ते योग्यच होतं. पण स्क्रीनशॉटवर तारीख नसते, खाली दुरुस्ती आली तर ती दिसत नाही, आणि मजकूर बदलणं डाव्या हाताचा मळ. कॅनडातल्या नातेवाइकाकडून व्हॉट्सअॅपवर येणारं चित्र अशाच वाटेने आलेलं असू शकतं. त्यावर विसंबू नका. सीबीसी, ग्लोब अँड मेल, टोरांटो स्टार यांच्या साइटवर थेट जाऊन तीच बातमी शोधा. तिथे नसेल तर पुढे पाठवू नका.

संसदेत काही घडलं म्हणजे कायदा झाला, असं मानणं

‘कॅनडाच्या संसदेत भारताविरुद्ध याचिका’ असा मथळा आला की आपल्याकडे लगेच हलकल्लोळ होतो. हाउस ऑफ कॉमन्समध्ये ई-याचिका मांडायला 500 वैध सह्या आणि एका खासदाराची संमती पुरते. सरकारने 45 दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, एवढंच बंधन. त्यावर मतदान होत नाही.

प्रश्नोत्तराच्या तासाच्या क्लिपचंही तेच. तो तास खरं तर 45 मिनिटांचा असतो. प्रश्नाला 35 सेकंद आणि उत्तराला 35 सेकंद. खासदार नेमकं क्लिपमध्ये बसेल असं वाक्य फेकतो, मागून टाळ्या, समोरून आरडाओरडा, आणि बहुधा मंत्र्याचं उत्तर कापून टाकलेला व्हिडिओ आपल्यापर्यंत पोहोचतो. पूर्ण संवाद इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये संसदेच्या साइटवर असतो. विधेयक कुठल्या टप्प्यावर आहे ते लेजिसइन्फो या पानावर मिनिटभरात कळतं. पहिलं वाचन म्हणजे फक्त मांडणी. तिथे चर्चाही होत नाही.

अल्पमत म्हणजे सरकार पडणारच, हा हिशेब

आपल्याला आघाडीची सवय आहे, मंत्रिपदांच्या वाटपासकट. कॅनडात 2019 आणि 2021 मध्ये लिबरल पक्षाला बहुमत नव्हतं, तरी सरकार त्याचंच होतं. देशभरातली मतंही कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला जास्त होती, पण ती अल्बर्टा आणि सास्कॅचेवान या प्रांतांत साचलेली, म्हणून जागा कमी. 2022 ते सप्टेंबर 2024 न्यू डेमोक्रॅटिक पक्षाने लेखी कराराने बाहेरून पाठिंबा दिला आणि एकही मंत्रिपद घेतलं नाही. एप्रिल 2025 मध्ये लिबरल नेते मार्क कार्नी 343 पैकी 169 जागांवर थांबले, बहुमताला 172 लागतात, तरी सरकार बनलं. शिवाय आपल्याकडे 1985 पासून आहे तसा पक्षांतरबंदी कायदा तिथे नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये नोव्हा स्कोशियाचे क्रिस द’आन्त्रमाँ कॉन्झर्व्हेटिव्ह सोडून लिबरलमध्ये गेले आणि खासदार राहिले.

पक्षांच्या नावांनीही फसू नका. ब्रिटिश कोलंबियातला लिबरल पक्ष केंद्रातल्या लिबरलांपेक्षा बराच उजवा होता, शेवटी 2023 मध्ये त्याने नावच बदललं.

फक्त इंग्रजी वाचणं

343 पैकी 78 जागा क्वेबेक प्रांतात आहेत आणि तिथली चर्चा फ्रेंचमध्ये चालते. शिक्षक, पोलीस, सरकारी वकील यांना कामावर धार्मिक चिन्हं वापरायला बंदी घालणारा क्वेबेकचा 2019 चा कायदा टोरांटोच्या वृत्तपत्रांत एका रंगात दिसतो, माँट्रियालच्या ‘ल देव्हुआर’ किंवा ‘ला प्रेस’मध्ये दुसऱ्या. फ्रेंच येत नसेल तर ब्राउझरचं भाषांतर कामचलाऊ आहे. पगडी किंवा हिजाब घालणारं कुणी नोकरीसाठी माँट्रियालला जाणार असेल, तर तेवढी तसदी जरूर घ्या.