शाळा म्हणाली "दाखला काढा": स्वमग्न मुलासाठी शेवटी काय चाललं

मुलगा दुसरीत. मधल्या सुट्टीनंतर कान झाकून किंचाळायचा, वर्गाबाहेर पळायचा. रोज फोन, "घेऊन जा." मग तोंडीच, "दाखला काढा."

विनवण्या केल्या, स्वखर्चाने मदतनीस देऊ केली. तीन महिने वाया, रात्री रडायचे.

चाललं ते असं. आधी दोन आठवडे प्रत्येक प्रसंगाची वेळ आणि त्याआधी काय घडलं ते वहीत लिहिलं. बहुतेकदा कारण घंटा! मग सरकारी रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र. त्यानंतर मुख्याध्यापिकांना पत्र: दाखल्याचं लेखी द्या. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ आठवीपर्यंत शाळेतून काढू देत नाही; २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचंही कलम १६च, ते मान्यताप्राप्त शाळेला गरजेनुसार सोयी द्यायला लावतं. (अल्पसंख्याक शाळा असेल तर दुसऱ्यावरच भर द्या, पहिला त्यांना लागू नाही.) प्रतीवर शिक्का-सहीची पोच घ्याच. एक प्रत महापालिकेच्या शिक्षण विभागाला.

आठवड्यात बैठक लागली. वही उघडली आणि तीनच गोष्टी मागितल्या: घंटेआधी दोन मिनिटं त्याला बाहेर न्या, कानांवर आवाज अडवणारे हेडफोन चालू द्या, बाकावर दिवसाचं चित्र-वेळापत्रक चिकटवा.

वर्गाच्या बाईंनी ते दुसऱ्याच दिवशी केलं. त्यानंतर फोन फक्त एकदा आला, तोही तापासाठी.