बिल 80 हजारांचं, हातात 17: डिझायनरांनो, या चुका टाळा

नागपूरच्या इतवारीतल्या एका मोठ्या व्यापाऱ्याचा दिवाळी कॅटलॉग. डिझाइन 25 हजार, छपाई 55 हजार. मी थाटात 80 हजारांचं एकच बिल फाडलं. खात्यात आले 72 हजार. प्रेसवाल्याचे चुकते केले आणि उरले 17. माझी कमाई 25 हजारांची, टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतला जाणारा आयकर) कापला गेला 8 हजार!

व्यापाऱ्याचं चुकलं नव्हतं. व्यावसायिक फी वर्षाला 50 हजारांच्या वर गेली की 10 टक्के कापावे लागतात, आणि बिलावर सगळी फीच दिसत होती. छपाईचं बिल प्रेसनं थेट गिऱ्हाइकाच्या नावानं काढायला हवं होतं. नाहीतर तो पैसा आपल्या उलाढालीतही धरला जातो आणि जीएसटी नोंदणीची 20 लाखांची मर्यादा फुकटात जवळ येते. (प्रेसच्या कामावर मार्जिन ठेवत असाल तर गोष्ट वेगळी. मग छपाईही तुमचाच धंदा.)

कापलेला टीडीएस बुडत नाही, तो आगाऊ भरलेला कर असतो. पण "आपल्याला टॅक्सच बसत नाही, रिटर्न कशाला?" म्हणणारे तो खरोखर बुडवतात. नव्या करप्रणालीत 2025-26 साठी 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो, पण रिफंड रिटर्न भरल्याशिवाय येत नाही.

टीडीएस 26एएसमध्ये (आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या, आयकर खात्याच्या विवरणात) दिसत नाही? आधी तारीख बघा. एप्रिल ते जूनची कपात गिऱ्हाइकाला 31 जुलैपर्यंत कळवता येते, त्यामुळे जूनमध्येच भांडायला जाऊ नका. त्यानंतरही दिसली नाही तर पॅन तपासा. माझ्या एका कामात पॅनचं एक अक्षर चुकलं होतं. गिऱ्हाइकाच्या सीएनं दुरुस्तीचं विवरण भरल्यावरच रक्कम दिसली. फोनवर "करून देतो भाऊ" ऐकून थांबू नका, ईमेल टाका.

नोकरी सोडून आलेल्यांचा आणखी एक घोळ होतो. पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही, हा आकडा पगारदारांचा, कारण 75 हजारांची प्रमाणित वजावट पगारावर मिळते, फ्रीलान्सच्या कमाईवर नाही. पगारातून कापला जाणारा व्यवसाय करही आता स्वतः भरायचा, वर्षाला 2500. टीडीएस वजा जाऊनही 10 हजार किंवा जास्त कर निघत असेल तर आगाऊ कराचा (वर्ष संपायच्या आधीच हप्त्यांनी स्वतः भरायच्या कराचा) पहिला हप्ता 15 जूनला. चुकला की व्याज.

आणि निम्मं उत्पन्न नफा दाखवून तेवढ्यावरच कर भरण्याची सोय डोळे झाकून घेऊ नका. ती ठरावीक व्यवसायांनाच मिळते, आणि त्या यादीत ग्राफिक डिझाइनचं नाव नाही. सीएला विचारूनच पाऊल टाका.

पुढच्या दिवाळीला त्याच व्यापाऱ्याला दोन बिलं गेली, एक प्रेसचं, एक माझं. "दोन-दोन कागद कायले बापा?" म्हणत त्यानं सही केली. त्याच्याकडचं माझं वर्षभराचं तेवढंच काम होतं. खात्यात आले पूर्ण 25 हजार.