मॉडेल रेल्वेच्या डब्यावर धातूची झळाळी कशी आणावी

डबा खऱ्या स्टेनलेस स्टीलसारखा दिसावा म्हणून सगळे चांगल्या चंदेरी रंगाच्या शोधात असतात. पण झळाळी येते ती खालच्या काळ्या थरामुळे. धातूचा रंग इतका पातळ बसतो की खालचा पृष्ठभाग जसा असेल, तसाच तो दिसतो.

बोगी (डब्याखालचे चाकांचे सांगाडे), कपलर (डबे जोडणारे आकडे) आणि खिडक्यांच्या काचा आधी काढून ठेवा. डबा कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा. पन्हळींमध्ये साच्याचं तेल साचलेलं असतं, तिथे जास्त घासा. पाणी गरम नको, प्लास्टिक वाकतं. यापुढे डबा हातमोजे घालूनच धरा. जोडाच्या रेघा 1000 आणि मग 2000 नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून घासून घ्या.

प्रायमरचा पातळ हात वाळला की ग्लॉस ब्लॅक, म्हणजे चकचकीत काळा रंग द्या: पहिला हात नुसता शिंपडल्यासारखा, दहा मिनिटांनी दुसरा ओलसर. काळ्यात समोरच्या दिव्याचं प्रतिबिंब स्वच्छ दिसलं पाहिजे. धूळ बसली असेल तर ती आताच घासा, चंदेरीखाली ती दुप्पट दिसते. मग निदान 24 तास, इनॅमल असेल तर 48 तास थांबा. घाई केली तर वरून द्यायच्या चंदेरी लॅकरमधलं (लवकर वाळणाऱ्या रंगातलं) थिनर काळा थर उकलतं आणि बारीक भेगा पडतात.

अ‍ॅलक्लॅड या ब्रँडसारखे चंदेरी लॅकर रंग पातळ न करता थेट फवारतात. तळाशी बसलेली धातूची पूड मिसळेपर्यंत बाटली नीट हलवा. एअरब्रशचा (हवेने रंग फवारणाऱ्या छोट्या यंत्राचा) दाब 12 ते 15 पीएसआय, अंतर 5 ते 8 सेंटिमीटर. अंतर वाढलं की थेंब हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पन्हळींवर एकदा वरून, एकदा खालून तिरका फवारा मारा, नाहीतर एका बाजूला काळ्या रेघा राहतात. तीन-चार हलके हात पुरे. काळा झाकला गेला की थांबा, त्यानंतरचा प्रत्येक हात डब्याला राखाडी करतो. फवारताना खिडकी उघडी, सेंद्रिय वाफा अडवणारा मास्क तोंडावर आणि जवळपास ज्योत नको.

1934 च्या पायोनियर झेफिरसारख्या बड कंपनीच्या गाड्यांत पन्हळीदार आणि सपाट पत्र्यावर उजेड वेगवेगळा पडतो. हा फरक दाखवायचा तर एक दिवसाने सपाट पट्टा सोडून बाकी डबा झाका आणि पट्ट्यावर किंचित गडद छटा फवारा. मास्किंग टेप आधी हाताच्या पाठीवर चिकटवून त्याचा चिकटपणा कमी करा आणि काढताना मागे दुमडून हळू ओढा.

डेकल (डब्यावर चिकटवायची अक्षरं आणि चिन्हं) थेट चंदेरीवर छान बसतात. वरून वार्निश द्यायचंच असेल तर आधी जुन्या डब्यावर करून पाहा, कारण बरीच वार्निशं चमक मारतात. मॅट तर इथे वापरूच नये.