कांद्याच्या गोणीमागे चला: मुंबईच्या मालवाहतुकीचं मॉडेल

शहरातल्या मालवाहतुकीचं मॉडेल शिकायला येणारे बहुतेक जण आधी रस्त्यांचा नकाशा उघडतात. मी त्यांना तो बाजूला ठेवायला लावते आणि एकच जिन्नस निवडा म्हणते. मुंबईसाठी माझी निवड ठरलेली आहे, कांदा. घरोघरी लागतो आणि गोणीत येतो, म्हणून मोजता येतो.

गोणी कुठे कुठे हात बदलते ते आधी लिहून काढा. लासलगाव-पिंपळगावच्या लिलावात घेतलेला माल ट्रकने कसारा घाट उतरतो, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात आडत्याच्या गाळ्यावर येतो. माथाडी उतरवतात, तोलणार तोलतो, खरेदीदार उचलतो. अशा प्रत्येक ठिकाणी कालची शिल्लक अधिक आवक बरोबर जावक, आजची शिल्लक आणि खराब माल यांची बेरीज, हे जुळलंच पाहिजे. उन्हाळ कांदा शेतकऱ्याच्या कांदाचाळीत महिनोन्महिने राहतो आणि वजनाला घटतो, तेव्हा एप्रिलचे आकडे ऑगस्टला लावू नका. सगळा माल तुर्भ्यातूनच जातो असंही धरू नका. 2016 मध्ये राज्याने कांदा-बटाट्यासह फळं-भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त केला, म्हणजे तिथल्या व्यवहारावर बाजार समितीचं नियंत्रण उरलं नाही. थेट शहरात येणाऱ्या मालाची वेगळी वाट दाखवावीच लागते.

आता टनांच्या गाड्या करायच्या, आणि माझ्या मते मॉडेलचा कस इथेच लागतो. समजा, ट्रकमधून 15 टन कांदा उतरला. पन्नास किलोच्या 300 गोण्या झाल्या. छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो, पाऊण टन नेतो असं धरलं तर 15 गोण्यांची एक खेप, म्हणजे 20 खेपा. घाटातला एक ट्रक शहरात वीस गाड्या होऊन शिरतो. शिवाय टेम्पो एका जागेहून दुसऱ्या जागी जाऊन परत येतो, असं क्वचितच घडतं. चेंबूरला चार गोण्या, घाटकोपरला सहा, उरलेल्या विक्रोळीला, मग रिकामा परत. जवळच्या आणि मोठ्या बाजाराला जास्त वाटा देणारं गुरुत्व मॉडेल टनांसाठी चालेल, गाड्यांसाठी मात्र अख्खी फेरीच मांडा.

ही फेरी टेम्पोवाल्यालाच ठाऊक असते. गाडी भरत असताना त्याला गाठा, तेव्हा त्याच्याकडे वेळ असतो. कुठे थांबतो, कुठे किती उतरवतो, येताना काय भरतो, सगळं क्रमाने विचारा. त्याच गाडीत बटाटा-लसूणही असतो, तोही लिहा.

पडताळणीला मुलाखतीत न वापरलेले आकडे हवेत. वाशी आणि ऐरोलीच्या पुलांवर पहाटेपासून टेम्पो मोजा, भरलेले आणि रिकामे वेगळे. 2024 पासून अटल सेतूही यादीत घ्या.

मग मॉडेलमध्ये कसारा घाट एक रात्र बंद करून बघा. दुसऱ्याच सकाळी दादरच्या किरकोळ दुकानातला कांदा संपलेला दिसला, तर गाळ्यावरची आणि दुकानातली शिल्लक तुम्ही फार कमी धरली आहे. तिथून पुन्हा हिशेबाला बसा.