शुल्कवाढीच्या आधी : परदेशी व्हिसा आणि नागरिकत्वाच्या अर्जांसाठी मराठवाड्यातील घरांनी करावयाची तयारी

सर्वांत आधी एका कागदावर दोन वेळापत्रके शेजारी-शेजारी लिहून काढावीत. एक, ज्या देशाकडे अर्ज करायचा आहे तेथील शुल्क कधी बदलते याचे. आणि दुसरे, घरात पैसा कधी येतो याचे. ब्रिटनचे दर अलीकडे एप्रिलमध्ये बदलत आले आहेत; २०२५ साली ते ९ एप्रिलला बदलले. कॅनडाच्या नागरिकत्वाचे शुल्क त्याच वर्षी ३१ मार्चला वाढले, तर तेथील कायमस्वरूपी वास्तव्याचे शुल्क दर दोन वर्षांनी ३० एप्रिलला वाढते. ऑस्ट्रेलियाचे नवे दर १ जुलैपासून लागतात. अमेरिकेला असा ठरलेला महिना नाही. तिथे २०१६ नंतरची मोठी वाढ थेट १ एप्रिल २०२४ रोजी आली. आपल्याकडे सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आगेमागे हाती येतात, कापसाचे आणि तुरीचे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत. म्हणजे मार्च-एप्रिलच्या वाढीआधी पैसा घरात असतो. मात्र तोपर्यंत कागदपत्रे तयार नसतात, आणि जूनमध्ये कागदपत्रे तयार होतात तेव्हा तो पैसा बियाण्याखतात गेलेला असतो. शेतीवर चालणाऱ्या घराने म्हणूनच कागदपत्रांचे काम गणेशोत्सवाच्या सुमारास हाती घ्यावे.

त्यानंतर एकूण आकडा काढावा, आणि तो काढताना केवळ अर्जाच्या शुल्कावर थांबू नये. ब्रिटनचे उदाहरण डोळे उघडणारे आहे. तेथे नोकरीच्या व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांसाठी वर्षाला ६२४ पौंडांवरून १,०३५ पौंड झाला, आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी तो ७७६ पौंड आहे. व्हिसा जितक्या वर्षांचा, तितक्या वर्षांचा अधिभार एकदम भरायचा असतो. पती, पत्नी व दोन मुले पाच वर्षांसाठी जाणार असतील तर हा अधिभारच १८,११० पौंड होतो. पौंड ११५ रुपयांचा धरला तरी वीस लाखांच्या वर. त्यात व्हिसाचे शुल्क, क्षयरोगाची तपासणी, मुंबई-पुण्याच्या फेऱ्या आणि कागदपत्रांची भाषांतरे यांतले काहीही धरलेले नाही. पुढे कायमस्वरूपी वास्तव्यासाठी ९ एप्रिल २०२५ च्या दराने माणशी ३,०२९ पौंड लागत. चौघांचे असे १२,११६ पौंड पुढे लागणार हे पहिल्या वर्षीच ठाऊक असल्यास दरमहा काही रक्कम बाजूला काढता येते.

रुपयांत हिशेब करताना वर्तमानपत्रात छापलेला विनिमय दर धरू नये, कारण बँक त्या दराने चलन देत नाही. कार्डाने भरणा केल्यास वरचा आकार वेगळा लागतो, त्यावर जीएसटी वेगळा. आलेल्या बेरजेत तीन-चार टक्के वाढवून ठेवणे शहाणपणाचे.

आता कागदपत्रे. या यादीतील सर्वाधिक वेळ याच कामाला द्यावा, कारण नाकारलेल्या अर्जाचे शुल्क सहसा परत मिळत नाही. ब्रिटन व्हिसा नाकारल्यावर आरोग्य अधिभार परत करते, अर्जाचे शुल्क नाही. शुल्क वाढणार या धास्तीने अर्धवट कागदांसह अर्ज टाकण्याची घाई अनेक जण करतात. त्यांनी एक तुलना करून पाहावी. २०२५ साली ब्रिटनच्या कायमस्वरूपी वास्तव्याचे शुल्क २,८८५ वरून ३,०२९ पौंड झाले, म्हणजे वाढ १४४ पौंडांची. ती वाचवण्याच्या घाईत अर्ज फेटाळला गेला तर गेलेली रक्कम पूर्ण २,८८५ ची असते, आणि पुढचा अर्ज नव्या दराने करावा लागतो.

आपल्या भागातील कागदपत्रांत काही अडचणी ठरलेल्या आहेत. पहिली जन्मतारखेची. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेली असंख्य माणसे येथे आहेत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, आधारवर आणि पासपोर्टवर तीच तारीख पुढे आलेली असते, आणि ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत मात्र एखादी श्रावणातली तारीख निघते. आयुष्यभर जी तफावत कोणाला खटकली नाही, ती परदेशी अधिकाऱ्याला पहिल्या नजरेत दिसते. म्हणून सर्व कागद टेबलावर मांडून प्रत्येकावरील जन्मतारीख, जन्मस्थळ, वडिलांचे नाव व स्वतःच्या नावाचे रोमन लिपीतील स्पेलिंग एका तक्त्यात उतरवावे, आणि जिथे फरक असेल तिथे दुरुस्ती, राजपत्रातील नावबदल किंवा प्रतिज्ञापत्र यांपैकी काय लागेल ते ठरवावे. लग्नानंतर नाव-आडनाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत विवाह नोंदणी प्रमाणपत्र नसणे ही नेहमीची अडचण आहे. विवाह जुना असला तरी नोंदणी नंतर करता येते. ती अर्जाच्या तोंडावर न करता आधी करून ठेवावी.

दुसरी अडचण जिल्ह्याच्या नावाची. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. त्यामुळे एकाच कुटुंबात वडिलांच्या पासपोर्टवर जुने नाव आणि धाकट्या मुलाच्या दाखल्यावर नवे नाव असते. यात कोणाचाही दोष नाही, मात्र दूरच्या देशातील अधिकाऱ्याला ही दोन वेगळी शहरे वाटू शकतात. नामांतराच्या शासकीय अधिसूचनेची प्रत आणि सोबत चार ओळींचे स्पष्टीकरण जोडावे; एवढ्याने काम भागते आणि खर्च जवळपास शून्य.

तिसरी अडचण वृद्धांची. अमेरिकेचा नागरिक झालेला मुलगा किंवा मुलगी आईवडिलांसाठी अर्ज करते तेव्हा दोघांचे दोन स्वतंत्र अर्ज असतात. १ एप्रिल २०२४ च्या दराने ऑनलाइन अर्जाचे प्रत्येकी ६२५ डॉलर, त्यानंतर वकिलातीतील व्हिसाचे ३२५, आर्थिक हमीपत्राच्या तपासणीचे १२० आणि ग्रीन कार्डासाठी २३५, असे माणशी १,३०५ डॉलर होतात. वैद्यकीय तपासणी निराळी. ज्यांचा जन्म हैदराबाद संस्थानाच्या काळात किंवा त्यानंतरच्या दशकात खेड्यात झाला, त्यांची जन्मनोंद बहुतेकदा सापडतच नाही आणि जुने दप्तर उर्दू किंवा मोडीत असते. अशा वेळी नोंद उपलब्ध नसल्याचा संबंधित कार्यालयाचा दाखला, शाळेचा निर्गम उतारा आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातलगांची प्रतिज्ञापत्रे चालतात. त्यासाठी तहसीलच्या गावी चार खेपा पडतील हे गृहीत धरावे, आणि प्रतिज्ञापत्र देऊ शकणारी मावशी किंवा चुलते हयात आहेत तोवर ते काम उरकावे.

कागदांचा क्रमही पैशांशी जोडलेला आहे, कारण काही कागद शिळे होतात. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षे चालतो, ब्रिटनसाठीचे क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्र सहा महिने. पोलिस पडताळणीचा दाखलाही फार आधी काढून उपयोगी पडत नाही. जन्म, विवाह आणि शिक्षणाचे कागद आधी काढावेत, पासपोर्टची मुदत संपत आली असल्यास त्याचे नूतनीकरण त्याच सुमारास करावे आणि तपासण्या व पोलिस दाखला शेवटी घ्यावा. विद्यापीठातून गुणपत्रकांचे अधिकृत उतारे मिळण्यास लागणारा वेळ सोबतच्या मित्रांना विचारून घ्यावा व त्यात एक महिना आपल्या मनाने वाढवावा. मुलाखत किंवा बोटांच्या ठशांसाठी मुंबईला जावे लागणार असेल तर देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसचे आरक्षण तारीख मिळताच करावे. ऐन वेळी खासगी बसचे भाडे हाही खर्चच आहे.

काही शुल्के टाळता किंवा कमी करता येतात. कॅनडाने अभ्यास, नोकरी वा पर्यटनाच्या अर्जासाठी एकदा घेतलेले बोटांचे ठसे दहा वर्षे चालतात. पुन्हा तसाच अर्ज करताना ते ८५ कॅनेडियन डॉलर परत भरण्याआधी जुने पत्र शोधावे. अमेरिकेत ग्रीन कार्डाची दहा वर्षे संपत आली असतील आणि नागरिकत्वाची पात्रता आली असेल, तर कार्डाच्या नूतनीकरणाचे ऑनलाइन ४१५ डॉलर आधी आणि नागरिकत्वाचे ७१० नंतर, असे दोन्ही भरण्याची गरज आहे का हे तपासावे, कारण नागरिकत्वाच्या अर्जाच्या पावतीनेच जुन्या कार्डाची मुदत २४ महिने वाढते. कुटुंबाचे उत्पन्न ठरावीक मर्यादेत असल्यास नागरिकत्वाचा अर्ज ३८० डॉलरमध्ये होतो. ही सवलत मात्र कागदी अर्जालाच आहे. सवलत मागण्यात कमीपणा मानणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ही सवलत नियमात लिहिलेली आहे, मेहरबानी नव्हे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती जरूर पाहावी, तिच्यात व्हिसा शुल्क धरलेले असते.

नागरिकत्व घेणाऱ्याच्या यादीत भारताकडील खर्चही असला पाहिजे, आणि तो बहुधा विसरला जातो. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपते. भारतीय पासपोर्ट जमा करून त्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते व त्यानंतर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला भारत देतो ते ओळखपत्र), ज्याचे परदेशातून अर्ज करताना २७५ डॉलर पडतात. शेती असलेल्या घरात याहून मोठा प्रश्न जमिनीचा असतो. ओसीआय कार्डधारक शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. वारशाने मिळालेली किंवा भारतात राहत असताना घेतलेली जमीन मात्र ठेवू शकतो, आणि विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. वाटणी, वारसनोंद आणि प्रलंबित फेरफार ही कामे परदेशी नागरिकत्वाच्या शपथविधीच्या आधी उरकून सातबारा अद्ययावत करून घ्यावा, म्हणजे केवळ एका सहीसाठी विमानाचे तिकीट काढण्याची पाळी येणार नाही.

पैसा कोठून उभा करायचा हे लपवून ठेवण्यासारखे नाही. शुल्कासाठी सावकाराकडे जाऊ नये, आणि पीककर्जाची रक्कम इकडे वळवू नये. शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर व्हिसा शुल्क व आरोग्य अधिभार कर्जाच्या रकमेत धरता येतात का, हे मंजुरीच्या आधी बँकेत लेखी विचारावे. परदेशी रक्कम पाठवताना एका पॅनवर एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत उगमस्थानी कर वसूल होत नाही; मर्यादा ओलांडून कर कापला गेलाच तर विवरणपत्रात त्याचे श्रेय मिळते, पण तोवर पैसे अडकतात.

सल्लागाराकडे जाणे चूक नाही, मात्र त्याचे मानधन आणि सरकारी शुल्क यांची एकत्र पावती स्वीकारू नये. सरकारी शुल्क शक्यतो स्वतःच्या कार्डाने स्वतः भरावे आणि ‘दर वाढणार, आजच पैसे द्या’ असा फोन आला की त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर दर व तारीख पाहूनच उत्तर द्यावे. कॅनडासाठी काम करणारा सल्लागार तेथील परवानाधारक आहे की नाही, हे सार्वजनिक यादीत पाहता येते.

भरण्याच्या आठवड्यात कार्डावरील आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून मर्यादा वाढवून घ्यावी, आणि ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो मोबाइल गावी वडिलांच्या खिशात नसून रेंज असलेल्या ठिकाणी आहे याची खात्री करावी. अमेरिकेची नागरिकत्व व स्थलांतर सेवा २८ ऑक्टोबर २०२५ पासून कागदी धनादेश घेत नाही. कार्ड किंवा तेथील बँक खात्यातूनच भरणा करावा लागतो. रक्कम चुकली तर संपूर्ण अर्ज न तपासता परत येतो, म्हणून पाठवण्याच्या दिवशी सकाळी अधिकृत पानावर दर पुन्हा एकदा पाहावा, त्या पानाची तारखेसह छपाई काढून अर्जाच्या प्रतीला लावावी आणि पावती क्रमांक घरातील दोन माणसांकडे लिहून ठेवावा.