कपडा, पुस्तक, रजा: इंग्रजीत प्रत्येकाची कात्री वेगळी

इंग्रजी ईमेल लिहिताना सगळ्याच गोष्टींना 'शॉर्ट' करू नका. पँट, वाक्य, वेळ यांना 'शॉर्टन' चालतं. शब्दाचं लघुरूप केलं, म्हणजे डॉक्टरचं 'डॉ.', तर ते 'अब्रीव्हिएट'. जाडजूड कादंबरीची संक्षिप्त आवृत्ती काढली की 'अब्रिज'. हेच क्रियापद हक्कांवर गदा आणण्यासाठीही येतं. अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या 1791 च्या पहिल्या दुरुस्तीत भाषणस्वातंत्र्याच्या संदर्भात तेच आहे.

सगळ्यात जास्त गफलत होते ती 'कट शॉर्ट' आणि 'कर्टेल'मध्ये. चालू असलेली गोष्ट मध्येच आटोपती घेतली की 'कट शॉर्ट': आई आजारी पडली म्हणून साहेब दौरा सोडून परतले, तर 'ही कट हिज ट्रिप शॉर्ट'. भूतकाळातही 'कट'च राहतं, 'कटेड' कधीच नाही. 'कर्टेल' म्हणजे खर्च, अधिकार, सवलती यांना कात्री लावणं. ते जरा सरकारी थाटाचं आहे, घरगुती चॅटमध्ये उगाच भारदस्त वाटतं.

'ट्रंकेट' म्हणजे शेपूट सरळ छाटणं, उरलेल्याचा अर्थ लागो न लागो. 3.99 राउंड केलं तर 4, ट्रंकेट केलं तर 3. डेटाबेसवर काम करणाऱ्यांनी मात्र जपून: एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतली 'ट्रंकेट टेबल' ही आज्ञा शेपूट छाटत नाही, टेबलमधल्या सगळ्या ओळी उडवते.